नाव जुने, गाडी नवी

गेल्या दिवाळीत आमचा भाचा इंग्लंडातून बडोद्यास आला होता. वयाची साठी उलटली तरी त्याचे मोटारींचे वेड सुटलेले नाही. फराळ आटोपल्यावर त्याने मोबाइलवर एका नव्या गाडीचे चित्र आमच्यापुढे धरले. उंच, भारदस्त, चार दारांची, विजेवर चालणारी गाडी होती ती, आणि तिच्या पाठीवर नाव होते 'काप्री'. "मामा, ही काप्री नव्हे," तो म्हणाला. "काप्री मी तरुणपणी चालवली आहे. उद्या कोणी परका माणूस आपले आडनाव लावून दारात उभा राहिला, तर तुम्ही त्याला पाटावर बसवाल का?" आम्ही हसून विषय टाळला. प्रश्न मात्र मनातून गेला नाही, आणि त्याचा माग घेता घेता जो इतिहास हाती आला तो वाचकांपुढे ठेवावासा वाटला.

भाच्याचे गाऱ्हाणे त्याच्या एकट्याचे नव्हे. गेल्या आठ-दहा वर्षांत अमेरिका, युरोप आणि जपान येथील मोटारप्रेमींमध्ये या विषयावर बराच वाद माजला आहे. एके काळी ज्या नावांच्या गाड्या बुटक्या, चपळ आणि दोन दारांच्या होत्या, तीच नावे आता 'क्रॉसओव्हर' म्हणवणाऱ्या उंच गाड्यांना दिली जात आहेत. क्रॉसओव्हर म्हणजे दिसायला जीपच्या गोत्रातली, पण बांधणीने साध्या मोटारीच्या एकसंध सांगाड्यावर उभी राहिलेली गाडी. चढायला-उतरायला सोपी, सामानाला ऐसपैस, कुटुंबाला सोयीची. बाजारात तिला मागणी आहे. दोन दारांच्या कूपे गाडीला ती राहिलेली नाही. मग कंपन्या जुन्या कूपेचे नाव नव्या क्रॉसओव्हरला लावतात आणि जुने भक्त संतापतात. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही आपली म्हण त्यांना ठाऊक नसेल, पण त्यांचा आशय तोच असतो.

या नावांमध्ये सर्वांत मोठे नाव फोर्ड कंपनीच्या मस्टँगचे, म्हणून आरंभ तिच्यापासूनच करू. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ही गाडी लोकांसमोर आली. तिच्यामागे फोर्डचे तेव्हाचे एक अधिकारी ली आयाकोका यांचा आग्रह होता. लांब बॉनेट, आखूड पाठ, रुबाबदार बांधा आणि मूळ किंमत अवघी २,३६८ डॉलर. पहिल्याच दिवशी बावीस हजारांवर मागण्या नोंदल्या गेल्या आणि पहिल्या वर्षात चार लाखांहून अधिक गाड्या खपल्या. युद्धानंतर जन्मलेली पिढी तेव्हा नुकती वयात येत होती. तिला बापाच्या गाडीपेक्षा वेगळे काही हवे होते, ते मस्टँगने दिले. पण या अवलिया गाडीच्या अंगाखाली काय होते? फोर्डचीच फाल्कन नावाची साधी, काटकसरी, घरगुती मोटार. तिचेच पुष्कळसे भाग वापरून मस्टँग उभी केली होती, म्हणूनच ती इतकी स्वस्त पडली. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

'मस्टँग' या शब्दाची कुळकथाही मनोरंजक आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील मोकाट घोड्यांना हे नाव आहे आणि त्याचे मूळ ज्या स्पॅनिश शब्दात सापडते, त्याचा अर्थ कळपातून सुटलेले, धनी नसलेले जनावर असा होतो. ज्या नावाच्या मालकीवरून आज एवढे भांडण चालले आहे, त्या नावाचा मूळ अर्थच 'ज्याला मालक नाही ते'! आणि नाव एकाच्या दाव्याला बांधता येत नाही, याचा अनुभव फोर्डला फार लवकर आला. जर्मनीत त्या नावाचा हक्क क्रुप या कंपनीकडे होता. त्यामुळे तेथे मस्टँग कित्येक वर्षे 'टी-५' या नावाने विकावी लागली. गाडी तीच, तिची ऐट तीच, पण नाव नाही.

मस्टँगच्या भक्तांना पहिला धक्का बसला तो १९७३ साली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात 'मस्टँग दोन' बाजारात आली. ती पूर्वीपेक्षा लहान होती, फोर्डच्या पिंटो या छोट्या गाडीशी तिचे जवळचे नाते होते, आणि पहिल्या वर्षी अमेरिकेत तिला आठ सिलिंडरांचे इंजिनसुद्धा नव्हते. जाणकारांनी नाके मुरडली, आजही मुरडतात. पण ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि त्या लहान मस्टँगच्या पहिल्या वर्षात पावणेचार लाखांहून अधिक गाड्या खपल्या. भक्तांनी जिला नाकारले, तिनेच पडत्या काळात नाव जिवंत ठेवले. घराण्याच्या इतिहासात असे एखादे साधेसे, कोणी फारसे न गायलेले पूर्वज असतातच. त्यांनी कर्ज फेडले नसते, तर पुढच्यांना वाडा दिसला नसता.

दुसरा प्रसंग याहून महत्त्वाचा आहे. १९८० च्या दशकात फोर्डने जपानच्या माझदा कंपनीशी मिळून एक नवी गाडी आखली. ती पुढच्या चाकांच्या ओढीवर चालणारी होती, तिच्यात माझदाचा सांगाडा होता, आणि तिला मस्टँगचे नाव द्यावे असे ठरत होते. १९८७ साली ही बातमी फुटली. मग फोर्डच्या कचेरीवर निषेधाच्या पत्रांचा अक्षरशः पाऊस पडला. मागच्या चाकांवर जोर घेणारी, आठ सिलिंडरांनी गुरगुरणारी गाडीच मस्टँग, असे त्या पत्रलेखकांचे म्हणणे होते. कंपनीला माघार घ्यावी लागली. नवी गाडी १९८८ साली 'प्रोब' या वेगळ्या नावाने आली. जुनी मस्टँग चालू राहिली. प्रोब वाईट नव्हती, पण १९९७ साली ती बंद पडली. मस्टँग आजही आहे. आणि दैवाचा खेळ असा की, मिशिगनमधील फ्लॅट रॉकच्या ज्या कारखान्यात प्रोब तयार होत असे, त्याच कारखान्यात २००४ पासून मस्टँग तयार होते. कंपनीच्या खाती त्या नावाची नोंद होती. पण त्या नावाचे रक्षण केले ते कंपनीबाहेरच्या, एक रुपयाचाही भाग नसलेल्या माणसांनी. हौशी मोटारप्रेमींच्या हक्काविषयी कोणी शंका घेतली, तर हा दाखला पुरेसा आहे.

मग नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्या गाडीवरून आजचा वाद पेटला, ती 'मस्टँग माक-ई' आली. पाच माणसांची, चार दारांची, विजेवर चालणारी क्रॉसओव्हर. १९६९ च्या 'माक-१' या वेगवान मस्टँगची आठवण तिच्या नावात मुद्दाम ठेवली होती. दिव्यांची ठेवण आणि पुढचा धावता घोडाही होता. ती मेक्सिकोत तयार होते. तिच्यात इंजिन नाही आणि म्हणून गुरगुर नाही. वेग मात्र पुष्कळ आहे. प्रतिक्रिया तीन प्रकारच्या झाल्या. काहींनी सरळ सांगितले की दोन दारे, बुटका बांधा आणि इंजिनाचा आवाज यांवाचून मस्टँग नाही. काहींचे म्हणणे असे की गाडी उत्तम आहे, पण चांगल्या गाडीने स्वतःचे नाव कमवावे, उसने कशाला घ्यावे? तिसरा गट व्यवहारी होता. त्याचे मत असे की क्रॉसओव्हर खपली तर तिच्या कमाईवर खरी मस्टँग जगेल. तिसऱ्या गटाचे भाकीत निदान काही अंशी खरे ठरले म्हणायचे. शेव्हरोलेची कमारो आणि डॉजची चॅलेंजर या मस्टँगच्या जुन्या प्रतिस्पर्धी गाड्या २०२३ च्या अखेरीस बंद झाल्या. मस्टँगची सातवी पिढी मात्र त्याच वर्षी बाजारात उतरली. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, अमेरिकेत माक-ई सुमारे ५१,७०० खपल्या आणि मूळ मस्टँग सुमारे ४४,०००. धाकट्या पातीने थोरल्या पातीला मागे टाकले.

आता भाच्याच्या काप्रीकडे वळू. जानेवारी १९६९ मध्ये ब्रसेल्सच्या प्रदर्शनात फोर्डने ती युरोपसाठी आणली. युरोपला स्वतःची मस्टँग द्यावी हाच तिचा हेतू होता. अमेरिकेत फाल्कनने जे केले, तेच येथे कॉर्टिना या घरगुती मोटारीने केले; तिचे भाग घेऊनच काप्री घडली. इंग्लंडातील हेलवुड आणि जर्मनीतील कलोन येथे ती तयार होत असे. १९८६ अखेर ती थांबली तोवर सुमारे एकोणीस लाख काप्री रस्त्यावर आल्या होत्या. साध्या नोकरदाराला आपण काही विशेष आहोत असे वाटायला लावणारी ती गाडी होती, असे भाचा सांगतो. २०२४ च्या जुलैत जिला हे नाव मिळाले ती नवी काप्री दोन टनांहून जड आहे. जुनीचे वजन सुमारे एक टन. नवीचा विजेरी सांगाडा फोक्सवॅगन कंपनीकडून घेतलेला आहे. पण ती तयार होते कलोनमध्येच, म्हणजे जुन्या काप्रीच्या एका माहेरीच.

येथे आम्ही भाच्याला एक गोष्ट विचारली, आणि त्याचे उत्तर द्यायला तो जरा थबकला. १९६९ ची काप्री तरी त्या नावाची पहिली होती काय? नव्हती. १९६१ ते १९६४ या काळात फोर्डची 'कॉन्सल काप्री' नावाची एक वेगळी गाडी होती. नव्या कूपेला आधी 'कोल्ट' हे नाव घाटत होते. ते नाव जपानच्या मित्सुबिशीकडे असल्याने सुटले आणि आपल्याच अडगळीतले 'काप्री' पुसून घेतले. मूळ नाव तर इटलीच्या एका बेटाचे! भाच्याने ज्यावर प्रेम केले, ते नावही दुसऱ्यांदाच वापरलेले होते. प्रेमाने ते पहिले झाले.

फोर्डच्याच 'प्यूमा'ची गोष्ट अशीच. १९९७ साली आलेली ही लहानशी कूपे इयन कॅलम यांनी रेखाटली होती. फिएस्टा या छोट्या मोटारीवर ती बेतलेली होती. तिच्या जाहिरातीत स्टीव्ह मॅक्वीन हा नट दिसे, जो १९८० सालीच वारला होता. 'बुलिट' या १९६८ च्या चित्रपटात तो मस्टँग पळवतो. संगणकाच्या करामतीने त्याला प्यूमात बसवले होते. म्हणजे अस्सल म्हणून आज जिच्यासाठी अश्रू ढाळले जातात, तिनेही आपल्या जन्माच्या वेळी मस्टँगचे पुण्य उसने घेतले होते. २०१९ साली प्यूमा हे नाव एका क्रॉसओव्हरला मिळाले. ती रुमानियात तयार होते आणि नात्याने तीही फिएस्टाचीच. प्रथम बरीच टीका झाली. पुढे २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेली मोटार हीच ठरली. ती घेणाऱ्यांपैकी अनेकांना जुन्या प्यूमाचे नावही ठाऊक नसावे. त्यांच्या मुलांच्या आठवणीतली प्यूमा हीच असणार.

सर्वांत करुण कथा मित्सुबिशीच्या 'एक्लिप्स'ची आहे. १९८९ पासून ही कूपे अमेरिकेत इलिनॉय राज्यातील नॉर्मल या गावी तयार होऊ लागली. मित्सुबिशीचे तीन हिरे आणि क्रायस्लरचा तारा यांवरून त्या संयुक्त कारखान्याचे नाव 'डायमंड-स्टार' पडले होते. २००१ च्या 'द फास्ट अँड द फ्युरियस' या चित्रपटातील हिरव्या एक्लिप्सने एका पिढीला वेड लावले. २०११ मध्ये ती बंद झाली, आणि २०१५ मध्ये त्या कारखान्यात मित्सुबिशीचे काम थांबले. २०१७ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात नाव परतले ते 'एक्लिप्स क्रॉस' या क्रॉसओव्हरवर. अमेरिकेतील जुन्या भक्तांचा राग समजण्यासारखा होता. त्यांच्यासाठी कूपे उरलीच नव्हती, फक्त नाव उरले होते. आणि २०२५ साली युरोपसाठी जी नवी विजेरी एक्लिप्स क्रॉस जाहीर झाली, ती मुळात फ्रान्सच्या रेनो कंपनीची सेनिक आहे. कारखाना गेला, आकार गेला, घराणेही गेले. राहिली ती पाटी.

पण या नावाचा मूळ पुरुष कोण? एक घोडा. १ एप्रिल १७६४ रोजी, सूर्यग्रहणाच्या दिवशी, इंग्लंडात एक शिंगरू जन्मले, म्हणून त्याचे नाव 'एक्लिप्स' ठेवले. पुढे १७६९ आणि १७७० या दोन हंगामांत ते अठरा शर्यती धावले आणि एकही हरले नाही. आज जगात शर्यतीचे जे थरोब्रेड घोडे आहेत, त्यांतील बहुसंख्यांचे पितृकुळ या एक्लिप्सपाशी पोहोचते. त्या घोड्यांची नावे भलतीच आहेत. नाव कोणी लावले नाही, रक्त मात्र धावते आहे. मोटारींच्या जगात नेमके उलट झाले.

ही गोष्ट परदेशापुरती नाही. १९९१ साली पुण्याच्या टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, 'सिएरा' आणली. तीन दारे आणि मागच्या बाजूस वर वळलेली मोठी काच हे तिचे वैशिष्ट्य. १९९८ मध्ये 'सफारी' आली. सफारी २०१९ मध्ये थांबली आणि २०२१ मध्ये तेच नाव एका वेगळ्या, सात माणसांच्या गाडीला मिळाले, जी आधी 'ग्रॅव्हिटास' या नावाने प्रदर्शनात दाखवली होती. चारही चाकांची ओढ नाही ती सफारी कसली, असे जुन्या मालकांनी विचारले. नोव्हेंबर २०२५ मध्ये पाच दारांची नवी सिएरा आली. मागच्या काचेचा जुना वळसा तिच्या अंगावर निदान आठवणीपुरता राखला आहे. ज्यांच्या वडिलांनी पहिली सिएरा घेतली होती, त्यांच्यात तीच चर्चा झाली, जी भाच्याने आमच्यापुढे मांडली.

कंपन्या असे का करतात, याची कारणे साधी आहेत. नवे नाव लोकांच्या तोंडी बसवायला वर्षे आणि अमाप पैसा लागतो. जुने नाव फुकट ओळख घेऊन येते. शिवाय कायद्याचाही धाक असतो. व्यापारचिन्ह वापरात नसेल तर त्यावरील हक्क ढिला होतो. अमेरिकेत सलग तीन वर्षे आणि युरोपात पाच वर्षे नाव न वापरल्यास ते सोडून दिल्याचा दावा कोणी करू शकतो. शेतजमीन पडीक ठेवली की शेजारी बांध सरकवतो, तसेच हे. यात पाप नाही, पण प्रेमही नाही. आणि मोटारप्रेमींना खुपते ते हेच. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात. त्या नातवाने आजोबांसारखे धोतर नेसावे, त्यांच्याच चालीने चालावे, असा हट्ट कोणी धरत नाही. पण ते नाव पाळण्यात ठेवताना कोणाचे तरी डोळे पाणावलेले असतात. ते वकिलाच्या यादीतून निवडलेले नसते.

या साऱ्या इतिहासातून आम्हांस काय उमगले, ते आता सांगतो. मोटारप्रेमी जेव्हा म्हणतात की नाव म्हणजे आकार, दोन दारे, अमुक चाकांची ओढ, तेव्हा इतिहास त्यांना साथ देत नाही. मस्टँग फाल्कनच्या अंगावर जन्मली, काप्रीचे नाव दुसऱ्यांदाचे, प्यूमाची झळाळी उसनी. शुद्ध मूळ असे कोठेच नव्हते. पण कंपनी जेव्हा म्हणते की नाव आमचे, आम्ही कोठेही लावू, तेव्हा १९८७ ची पत्रे तिला खोटे पाडतात. नाव कागदावर ज्याचे असेल त्याचे असो. ते राखणारे वेगळेच असतात. म्हणून आमची कसोटी एवढीच आहे की, नव्याने जुन्यासाठी काही केले की नाही. 'मस्टँग दोन'ने नाव तगवले, माक-ईच्या शेजारी थोरली मस्टँग अजून धावते आहे. त्यांच्यावर आम्ही राग धरणार नाही. जुन्याला मूठमाती देऊन त्याची पाटी तेवढी उचलणे, हे मात्र वारसा चालवणे नव्हे.

हा निवाडा देताना आम्ही तटस्थ नाही, हेही कबूल करतो. आमच्या आडनावात कोकणातले एक गाव आहे. पाच पिढ्यांत आमच्यातला कोणी तेथे राहिलेला नाही. आम्ही स्वतः ते एकदाच पाहिले, तेही बसच्या खिडकीतून. आमच्या मराठीत गुजरातीचा हेल आहे, आमच्या वरणात गूळ जरा जास्त पडतो, आणि पुण्याचे पाहुणे आमचे बोलणे ऐकून गालातल्या गालात हसतात. रूपावरून निवाडा करायचा ठरला तर आम्हीही क्रॉसओव्हरच! नाव जुने, सांगाडा इथला. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद येथील वाचकांनाही हे वेगळे सांगायला नको. पण निव्वळ दाखल्यावर आडनाव आहे म्हणून आम्ही मराठी, असे म्हणून भागेल काय? तेही नाही. गणेशोत्सवात व्याख्यान होते, मंडळाचे कपाट उघडते, नात चुकतमाकत का होईना आजीला मराठीत पत्र लिहिते, तोवर ते नाव आमचे. हे थांबले की आमच्या दारावरही पाटीच राहील.

भाचा परत जाण्यापूर्वी आम्ही त्याला हे सारे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तिकडे गेल्यावर एकदा ती नवी काप्री चालवून तर पाहतो. दारात उभी आहे, तर निदान पाणी तरी विचारायला हवे."